मांडणकरनं लावलेली घरं

१ सप्टेंबर, सकाळ

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. मोठं झाल्यावर लिहायला बसलं की सुरुवातीचं काही आठवत नाही, म्हणून आधीच सुरू केलेली बरी.

या महिन्याचा संकल्प एकच. मांडणकर पूर्ण करायचा.

मांडणकर म्हणजे माझं टूल. अजून जन्माला आलेलं नाही, पण बारसं उरकलंय. आमचा धंदा गेम बनवायचा आणि त्यात माझं काम सीन लावायचं. गेम इंजिन उघडलं की समोर नुसती राखाडी पोकळी असते. तिच्यात जमीन टाका, भिंती उभ्या करा, कॅमेरा ठेवा, दिवे लावा, मग खुर्ची, टेबल, कप असं एकेक सामान माउसनं ओढत आणून ठेवा. एवढं करून खेळाडू दार उघडतो, मान फिरवतो आणि चालू पडतो. कपाकडे कुणी बघत नाही. माझी मान मात्र कायमची धरलीये.

मांडणकर हे सगळं आपलं आपण करणार. घर कुणाचं ते लिहायचं, बटण दाबायचं, घर तयार. मी मोकळा.

२ सप्टेंबर

बायकोला सांगितलं. ती नर्स आहे, त्यामुळे नवीन काही ऐकलं की आधी त्याचे साइड इफेक्ट विचारते. या वेळी मात्र तिनं तारीख विचारली. चोवीसचं काय?

चोवीसला आम्ही आठवडाभर समुद्रावर जाणार आहोत. पहिल्यांदा ठरवलं तेव्हा एका गेममधला किल्ला अर्धवट राहिला म्हणून रद्द झालं. दुसऱ्यांदा एक गुहा आडवी आली. आता तिनं अर्ध्या वॉर्डाशी ड्यूट्या बदलून, इतरांच्या नाइट स्वतः करून रजा मिळवलीये. म्हणाली, या वेळी मी जाणार आहे, तू आलास तर आपण जाऊ. वाक्यरचना जरा वेगळी वाटली. दमली असेल.

मांडणकर असताना चोवीसची चिंता करायचं कारण नाही, असं तिला समजावलं. रजेचा अर्ज उद्याच देतो म्हटलं.

४ सप्टेंबर, दुपार

बॉससमोर मांडणकरची योजना ठेवली. सध्या आमच्याकडे मांजराचा गेम आलाय. एका गावातलं मांजर हरवतं आणि खेळाडू ते शोधत घरोघर फिरतो. घरं भरपूर. प्रत्येक घर बघताच तिथे कोण राहतं ते कळलं पाहिजे, असा गिऱ्हाइकाचा हट्ट आहे. बॉस म्हणाले, करून बघा, अठराला गिऱ्हाईक येणार आहे, तेव्हा दाखवू. मी म्हटलं, अठरा कशाला, बारालाच दाखवतो. बॉस म्हणाले, अठराच राहू द्या. या माणसाला दूरदृष्टी नाही.

रजेचा अर्ज राहिला. मोठी योजना मांडताना मध्येच रजा मागणं बरं दिसत नाही.

६ सप्टेंबर

मांडणकरचं शिक्षण सुरू. मी आजवर लावलेले सगळे सीन त्याला दाखवले. ते बघून त्यानं शिकायचं आणि तशी नवी घरं लावायची.

दिवेवालीनं नाक खुपसलंच. दिवेवाली म्हणजे सीनमधला उजेड-सावली बघणारी, माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिचं म्हणणं, फक्त तुझेच सीन कशाला, आणखी चारजणांचे दे, जरा वैविध्य येईल. मी नुसता हसलो. चार गुरू केले की शिष्य बावळट निघतो. हे वाक्य मी स्वतः तयार केलं, पण जुनं वाटतं.

८ सप्टेंबर, दुपार

पहिलं घर लागलं. बेकरीवाल्याचं.

सामान सगळं आलं. फक्त सगळं खोलीच्या मधोमध, एकाच जागी, एकात एक आलं. कपाटाच्या पोटातून पलंगाचा पाय, पलंगातून दिवा, दिव्यातून खुर्ची. बघायला सगळं ऑफिस जमलं. आमचा टेस्टर, म्हणजे पगार घेऊन दुसऱ्यांच्या चुका काढणारा खोडकाढ्या, त्यानं विचारलं की बेकरीवाला घर बदलतोय का.

मी याला अपयश मानत नाही. सामान निवडणं हे अवघड काम होतं, ते झालं. ठेवणं राहिलं. हत्ती गेला, शेपूट राहिलं.

९ सप्टेंबर

सामान पसरलं. कप अख्ख्या घराहून मोठा आला. कप बनवणाऱ्यानं मापं सेंटिमीटरमध्ये दिली होती आणि मांडणकरनं ती मीटरमध्ये वाचली. चूक कप बनवणाऱ्याची.

कप बनवणारा मीच होतो, पण तो फार पूर्वीचा मी.

११ सप्टेंबर, संध्याकाळ

आजचा दिवस सोन्याचा. बटण दाबलं आणि सुतारापासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांची घरं धडाधड लागली. भिंती सरळ, दिवे छताला, कप टेबलावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बॉस स्क्रीनकडे बघत म्हणाले, वा मांडणकर साहेब. मला ते ‘अहो जरा इकडे या’ म्हणतात. टूलला साहेब.

घरी आलो तर बायकोनं उन्हाच्या टोप्या आणल्या होत्या. दोन. माझी डोक्यावर घालून बघितली, घट्ट झाली. अर्ज दिलास का, विचारलं. म्हटलं, आता अर्जाची गरजच काय, बॉस स्वतःहून पाठवतील. तिनं टोपी माझ्या हातातून घेतली आणि जरा मोठी मिळते का बघते म्हणाली.

१३ सप्टेंबर, सकाळ

खोडकाढ्याची तक्रार आली. तो म्हणतो, मी तासभर गावात फिरलो पण एकाच घरात होतो.

त्यानं मला बसवून एकेक घर दाखवलं. बेकरीवाल्याची खुर्ची दाराकडे पाठ करून. समोर टेबल, टेबलापुढे भिंत, डाव्या हाताला दिवा, उजव्या हाताला एक कप. निवृत्त कप्तानाचं घर, तेच. दहा वर्षांच्या मुलीची खोली, तेच. मी म्हटलं, याला शैली म्हणतात. तो म्हणाला, शैली असेल, पण मांजर प्रत्येक घरात दिव्यामागेच सापडतं. आता तो दार उघडून सरळ दिव्यामागे जातो.

१३ सप्टेंबर, संध्याकाळ

माझे जुने सीन उघडून बघितले. किल्ल्यात राजाचं सिंहासन दाराकडे पाठ करून आहे. डाव्या हाताला मशाल. गुहेत एकच दगड आहे, त्यावर बसणाऱ्याचं तोंड भिंतीकडे येतं. डाव्या हाताला मशाल. अंतराळयान उघडलं नाही.

शिष्यानं गुरूची विद्या तंतोतंत उचलली. यात शिष्याची चूक कशी?

१४ सप्टेंबर

नवी अडचण. पाच जणांच्या कुटुंबाच्या घरात खुर्ची एकच येते. कपही एकच. मांडणकरला माणसांचा आकडा कळत नव्हता. आज कळवला. आता पाच खुर्च्या आल्या. ओळीनं, दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड. पाच दिवे डावीकडे.

दिवेवाली म्हणाली, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखे दिसतात. मग तिला हसू आवरेना. मी म्हटलं, आधुनिक कुटुंबं अशीच बसतात. त्यावर ती हसायची थांबली आणि हो, तेही खरंच, असं म्हणाली. म्हणजे तिला पटलं.

१५ सप्टेंबर

अर्ज द्यायला बॉसच्या केबिनपर्यंत गेलो. आत ते फोनवर होते. चेहऱ्यावरून मूड खराब वाटला. मागून कळलं की ते मुलाच्या शाळेतलं कौतुक ऐकत होते. काही लोकांचा चेहराच फसवा असतो.

१६ सप्टेंबर, सकाळ

बायको नाइट करून आली तेव्हा मी लॅपटॉपवर पाच जणांचं घर बघत होतो. तिनं मागे उभं राहून चहा प्यायला. विचारलं, इथे कोण राहतं? म्हटलं, आई-बाप आणि तीन मुलं. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, यातलं कुणी बाहेरून आलं तर बाकीच्यांना कळणारसुद्धा नाही.

मग म्हणाली, आपल्या घरासारखंच आहे.

मी आजूबाजूला बघितलं. माझं टेबल भिंतीला, खुर्ची दाराकडे पाठ करून, डाव्या हाताला दिवा. ती कधी आत आली ते मला खरंच कळलं नव्हतं. म्हटलं, कला ही अनुभवातूनच येते. ती झोपायला गेली.

१७ सप्टेंबर, सकाळ

विलक्षण कल्पना. सगळे म्हणतात मांडणकरच्या घरात माणूस राहू शकणार नाही. मग राहूनच दाखवू. बायको दिवसपाळीला गेलीये. मांडणकरला आमच्या खोल्यांची मापं, दारं-खिडक्या आणि असलेलं सगळं सामान दिलं. माणसं दोन लिहिलं आणि बटण दाबलं. आता तो सांगेल तसं आमचं घर लावतो. उद्या गिऱ्हाइकापुढे सांगता येईल की मी स्वतः या घरात राहतो.

शेजारच्या काकांना कपाट ढकलायला बोलावलंय.

१७ सप्टेंबर, संध्याकाळ

घर लागलं. काका कपाट ढकलून घामाघूम झाले. जाताना त्यांनी विचारलं की तुमचं दोघांचं बरं चाललंय ना. भला माणूस आहे.

किरकोळ त्रुटी एवढीच की फ्रिज स्वयंपाकघराच्या दारात आलाय. गेममध्ये हे चालतं, कारण वस्तू घन करायला विसरलो तर खेळाडू फ्रिजमधून आरपार जातो. आमचा फ्रिज घन आहे. पलंग बाथरूमच्या दाराला टेकलाय. आत जायचं तर पलंगावरून जावं लागतं. सवय झाली की जमेल.

बायको आली. दार उघडून पहिलंच पाऊल टाकलं तर खुर्चीच्या पाठीवर गुडघा आपटला. हातात पर्स तशीच. फ्रिजकडे बघितलं, पलंगाकडे बघितलं, मग पलंगावर चढून बाथरूममध्ये गेली आणि तिथून परत पलंगावर उतरली. मला वाटलं चिडेल. पण शांतपणे म्हणाली, हे होतं तसं उद्यापर्यंत करून ठेव. मी म्हटलं, उद्या तर सादरीकरण आहे. मग परवा कर, असं म्हणून तिनं पाण्याची बाटली फ्रिजच्या वरून हात घालून काढली.

चिडली नाही, म्हणजे तत्त्वतः तिचा विरोध नाही.

१८ सप्टेंबर

सादरीकरण झालं.

गिऱ्हाइकाकडून एक बाई आल्या होत्या आणि सोबत एक गृहस्थ, जे फक्त बिस्किटं खात होते. मी आधी तयार केलेली घरं दाखवणार होतो. बाई म्हणाल्या, आत्ता एक करून दाखवा. आजी आणि नातू राहतात असं घर.

लिहिलं. बटण दाबलं. घर झकास आलं. खुर्च्या दोन. एक भिंतीकडे तोंड करून. दुसरीला खोलीत जागा उरली नव्हती, म्हणून ती मांडणकरनं खिडकीबाहेर ठेवली. बाईंनी विचारलं, बाहेर कोण बसतं? मी प्रसंगावधान राखून म्हटलं, आजी. मोकळ्या हवेत.

इतक्यात घर हलल्यासारखं वाटलं. सगळे दिवे, टेबल, कप, भिंती, खिडकी आणि बाहेरची आजीची खुर्ची असं अख्खं घर सावकाश खाली जायला लागलं. जमीन नव्हती. मांडणकरनं बाकी सगळं लावलं आणि जमीन टाकायला विसरला. बाईंनी अगदी सभ्यपणे विचारलं, हे कुठपर्यंत जाणार? मी म्हटलं, तशी काही मर्यादा नाही.

बॉसनी प्रोजेक्टर बंद केला. गृहस्थांनी पहिल्यांदाच बिस्किटांवरून मान वर करून माझ्याकडे बघितलं.

१९ सप्टेंबर

घर पूर्ववत केलं. काका आले नाहीत, त्यांची पाठ धरलीये. टेबल-खुर्चीही पुन्हा आधीच्याच जागी, भिंतीकडे तोंड करून.

कालचा विचार केला. खरा दोष जमिनीचा. ती दिसत नाही म्हणून लक्षात राहत नाही.

२० सप्टेंबर, दुपार

बॉसनी घरांचं काम दिवेवालीला दिलं. ती हातानं लावतेय. बेकरीवाल्याचं झालंय. दाराच्या कडीला पिठाचे डाग. टेबलाशी दोन खुर्च्या, एकमेकींकडे वळलेल्या, त्यातली एक जरा मागे सरकलेली, कुणी आत्ताच चहा ठेवायला उठल्यासारखी. मी बघत उभा राहिलो. चांगलं आहे. वाईट वाटलं, ते इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही.

मला सुचलं असतं तर मीही असंच केलं असतं.

रजा मागितली. मी तारीख सांगायच्या आतच बॉस हो म्हणाले. वर म्हणाले, आणखी हवी असेल तर तीही घ्या. एवढा मोकळेपणा त्यांनी कधी दाखवला नव्हता. काही झालं तरी माणसाच्या कष्टाची किंमत होते.

२० सप्टेंबर, संध्याकाळ

पळतच घरी आलो. रजा मंजूर, म्हटलं. बायको भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. म्हणाली, मी तुझं तिकीट आईला दिलं. मी म्हटलं, कधी? म्हणाली, फ्रिजच्या दिवशी.

सासूबाईंनी बॅगसुद्धा भरलीये. मग बायको म्हणाली, पण खोली मोठी आहे, बसमध्ये जागा मिळते का बघ. ये. मनापासून म्हणाली. मला बरं वाटलं. उद्या सकाळी तिकीट काढतो.

२३ सप्टेंबर

उद्याची बस भरली. परवा काढायला हवं होतं, पण मांडणकरचं जमिनीचं काम हातात होतं. पंचवीसच्या बसमध्ये भरपूर जागा आहे. एका दिवसानं काय समुद्र आटत नाही.

२४ सप्टेंबर, सकाळ

दोघींना बसवून आलो. सासूबाई खिडकीशी बसल्या, टोपी घालून. ती माझीच, मोठी आणलेली. बायको दारातून म्हणाली, उद्या ये.

२५ सप्टेंबर

बॅग भरली. बसला दोन तास होते म्हणून मांडणकर उघडला. फक्त जमीन टाकून बंद करायचा होता. जमीन पडली, तर खुर्च्या तिच्यात गुडघाभर रुतल्या. असं सोडून कसं जाणार? बस चुकली. संध्याकाळी फोन आला, निघालास का. उद्या, म्हटलं. ती म्हणाली, बरं, उद्या ये.

२६ सप्टेंबर

खुर्च्या वर आल्या. ऑफिसला फोन केला, म्हटलं माझ्यावाचून काही अडत असेल तर संकोच करू नका. दिवेवाली म्हणाली, काहीच अडलेलं नाही, तू खुशाल जा. दोनदा म्हणाली. गोड स्वभाव.

बायकोचा फोन. सकाळी दोघी पाण्यात गेल्या होत्या, सासूबाई बाहेर यायलाच तयार नव्हत्या. ये ना, म्हणाली. उद्या नक्की.

२७ सप्टेंबर

चार्जर बॅगेतून बाहेर काढावा लागला. दात घासायचा ब्रशही. फोन आला. ये म्हणाली. येतो म्हटलं.

२८ सप्टेंबर

आता खुर्च्यांच्या दिशेचा प्रश्न हातात आहे. त्या भिंतीकडे का वळतात ते सापडत आलंय. हत्ती गेला, शेपूट राहिलं. फोनवर तिनं बोलता बोलता मध्येच मोबाइल समुद्राकडे धरला असावा, कारण नुसता लाटांचा आवाज येत होता. मग म्हणाली, अजून दोन दिवस आहेत, ये.

२९ सप्टेंबर, संध्याकाळ

झालं. मांडणकर पूर्ण झाला.

माणसं दोन लिहिलं, बटण दाबलं. जमीन आली, भिंती आल्या, खुर्च्या दोन, समोरासमोर. दार दोघांनाही दिसतं. कप दोन. दिवा मधोमध. मी कितीतरी वेळ बघत बसलो. मला तिथे राहायला आवडेल असं घर आहे.

आता आज निघून उद्या परत फिरण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा घर झाडून ठेवतो आणि तिला हे दाखवतो.

फोन आला. मी मांडणकरची बातमी दिली. ती म्हणाली, बस सकाळचीही आहे, नुसता पाय बुडवून जा. म्हटलं, अगं आता तू येतेसच ना.

३० सप्टेंबर

दोघी आल्या. सासूबाई परस्पर त्यांच्या घरी गेल्या. बायको उन्हानं काळवंडलीये, छान दिसते. बॅगेतून वाळू पडली. मी म्हटलं राहू दे, मी झाडतो. आधी हे बघ.

तिनं बॅग खाली ठेवली आणि उभ्यानंच बघितलं. नीट बघितलं, घाई केली नाही. चांगलं झालंय, म्हणाली. मग पलंगाच्या कडेला बसून चपलांचे पट्टे सोडायला लागली.

‘‘या आठवड्यात ऑफिसनं तुला एकदा तरी बोलावलं?’’

नाही, म्हटलं. मीच फोन केला होता.

‘‘मी रोज बोलावलं.’’

एवढंच म्हणाली आणि आंघोळीला गेली. आतून पाण्याचा आवाज यायला लागला. ती बाहेर येईपर्यंत काहीतरी उत्तर तयार असावं म्हणून मी कारण शोधत बसलो. किल्ल्याच्या वेळी होतं, गुहेच्या वेळी होतं. या वेळी एकही सापडलं नाही.